बेळगावचा मतदार : भाषा, धर्म आणि मतविभागणीचा हिशेब

निवडणुकीचा निकाल लागला की बेळगाव शहरात दोन विधाने ठरल्याप्रमाणे ऐकू येतात. पहिले, "मराठी माणूस पुन्हा फुटला." दुसरे, "मुस्लिमांनी पुन्हा गठ्ठा मतदान केले." निकाल कोणताही असो, ही दोन विधाने बदलत नाहीत. उमेदवार जिंकला तरी तीच, हरला तरी तीच. एकाच कारणाने उलटसुलट परिणाम घडू लागले की त्या कारणाची फेरतपासणी करणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. वर्गात राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा इतिहास शिकवणाऱ्या अध्यापकांसमोर ही विधाने विद्यार्थ्यांच्या तोंडून येतच असतात. म्हणून प्रस्तुत लेखात बेळगाव शहरातील निवडणुकांचे आकडे समोर ठेवून, येथील मतदाराचा कल खरोखर कशाने ठरतो याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर यांसह काही भाग महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली, परंतु बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे असे म्हटले. महाराष्ट्राने तो अहवाल स्वीकारला नाही आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या प्रश्नाने शहराच्या राजकारणाला चार दशके एकच रंग दिला. १९५७ पासून १९९४ पर्यंत शहराच्या विधानसभा जागेवर महाराष्ट्र एकीकरण समितीच्या विचाराचेच उमेदवार निवडून येत राहिले. बा. रं. सुंठणकर, सायनाक, राजाभाऊ माने, बापूसाहेब महागावकर, नारायणराव तरळे ही नावे जुन्या पिढीला आजही पाठ आहेत. समिती ही निवडणूक आयोगाच्या दफ्तरी मान्यताप्राप्त पक्ष नाही. तिचे उमेदवार कागदोपत्री अपक्ष म्हणून उभे राहतात आणि दर वेळी मिळेल ते चिन्ह घेतात. ही बाब तांत्रिक वाटली तरी पुढील विवेचनात तिचे महत्त्व ध्यानात येईल.

या सर्व काळात शहरातील उर्दू भाषक मतदार कोठे होता? सीमालढ्याच्या साहित्यात त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो आणि त्याचे कारण जनगणनेच्या रकान्यात आहे. जनगणना मातृभाषा विचारते. मराठी आणि कन्नड अशा दोन रकान्यांची तुलना करून वाद घालणाऱ्यांना तिसरा रकाना अडचणीचाच वाटतो. प्रत्यक्षात बेळगावच्या बाजारपेठेतील उर्दू भाषक व्यापारी एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि घरी दखनी वळणाच्या उर्दूत बोलतो. शहर कोणत्याही राज्यात गेले तरी उर्दू तेथील राजभाषा होणार नव्हती. त्यामुळे सीमाप्रश्नात त्याची भावनिक गुंतवणूक मराठी शेजाऱ्याइतकी नसणे स्वाभाविक होते. त्याला बेपर्वाई म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या वादात आपल्या भाषेला जागाच नाही, त्या वादाच्या मापाने आपले मत मोजू देण्यास त्याने नकार दिला, इतकेच फार तर म्हणता येईल.

१९९९ आणि २००४ या दोन्ही निवडणुकांत काँग्रेसचे रमेश कुडची शहरातून निवडून आले आणि समितीची परंपरा खंडित झाली. मात्र खरा बदल पुढे २००८ मध्ये झाला आणि तो मतदाराच्या मनात नव्हे, नकाशावर झाला.

मतदारसंघांची नवी आखणी

२००१ च्या जनगणनेवर आधारित पुनर्रचनेनुसार झालेली पहिली विधानसभा निवडणूक म्हणजे कर्नाटकाची मे २००८ ची निवडणूक. तीत बेळगाव शहराची एक जागा जाऊन बेळगाव उत्तर व बेळगाव दक्षिण असे दोन मतदारसंघ झाले. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी हा मराठीबहुल पट्टा दक्षिणेत आला. कॅम्प, आझमनगर, महांतेशनगर यांसारखे भाग उत्तरेत आले, आणि तेथे उर्दू, कन्नड व मराठी तिन्ही भाषांची वस्ती एकमेकींत मिसळलेली आहे. एकाच शहराचे हे दोन तुकडे आता दोन वेगळ्या गणितांनी चालतात. २००८ मध्ये उत्तरेतून काँग्रेसचे फिरोज सेठ आणि दक्षिणेतून भाजपचे अभय पाटील निवडून आले. त्या वर्षी समितीला राज्यात एकही जागा मिळाली नाही.

उत्तरेचे पुढील तीन निकाल बारकाईने पाहण्यासारखे आहेत. २०१३ मध्ये फिरोज सेठ यांना ४५,१२५ मते मिळाली आणि ते विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर समितीच्या रेणू किल्लेकर होत्या, त्यांना २६,९१५ मते मिळाली. २०१८ मध्ये सेठ यांना ६१,७९३ मते मिळाली, म्हणजे पाच वर्षांत १६,६६८ मतांची वाढ झाली, आणि तरीही ते पराभूत झाले. भाजपचे अनिल बेनके ७९,०६० मते घेऊन निवडून आले. २०२३ मध्ये काँग्रेसने फिरोज सेठ यांचे बंधू आसिफ (राजू) सेठ यांना उभे केले. त्यांना ६९,१८४ मते पडली, भाजपचे डॉ. रवी पाटील यांना ६४,९५३. सेठ ४,२३१ मतांनी विजयी झाले.

आता या तीन निकालांवर "गठ्ठा मतदान" हे विधान तपासून पाहावे. काँग्रेस उमेदवाराची मते प्रत्येक निवडणुकीत वाढलीच आहेत. जिंकला तेव्हा कमी होती, हरला तेव्हा जास्त होती, पुन्हा जिंकला तेव्हा आणखी जास्त. एकगठ्ठा मतांमुळे विजय मिळतो असे म्हणायचे तर २०१८ चा पराभव कशाने झाला? उत्तर सेठ यांच्या मतांत सापडत नाही. ते समोरच्या बाजूला सापडते. २०१३ मध्ये सेठ यांच्याविरुद्धची मते समिती, भाजप आणि इतर यांच्यात वाटली गेली होती. त्या वेळी येडियुरप्पा यांनी वेगळा पक्ष काढल्याने भाजप राज्यभर दुभंगलेला होता हेही विसरता येत नाही. २०१८ मध्ये ही सर्व मते एका चिन्हामागे एकवटली आणि तिसऱ्या उमेदवाराच्या वाट्याला फारसे काही उरले नाही. २०२३ मध्ये ती पुन्हा विभागली. भाजपने विद्यमान आमदार बेनके यांना उमेदवारी नाकारून लिंगायत समाजातील उमेदवार दिला. बेनके मराठा समाजातील. त्या वेळी समितीच्या उमेदवाराने अकरा-बारा हजारांच्या घरात मते घेतली. विजयाचे अंतर सव्वाचार हजारांचे होते. हिशेब पुरेसा बोलका आहे.

याचा अर्थ समितीला पडलेली सर्व मते अन्यथा भाजपलाच गेली असती असा नाही. काही मतदार घरीच बसले असते, काही काँग्रेसकडे वळले असते. परंतु विजय-पराजयाचा काटा कोणत्या बाजूला हलला हे यावरून दिसते. प्रस्थापित समजुतीनुसार मुस्लिम मतदार हा "निर्णायक" घटक असतो. उत्तरेच्या आकड्यांवरून तो स्थिर घटक दिसतो, आणि निर्णायक ठरते ती बाकीच्यांची एकी किंवा फूट. स्थिर आणि निर्णायक या दोन शब्दांतील तफावत वर्गात जरूर समजावून द्यावी, कारण वृत्तपत्रे ती पाळत नाहीत.

आणखी एक गोष्ट. उत्तर मतदारसंघात मुस्लिम मतदार बहुसंख्य नाहीत. तेथून मुस्लिम उमेदवार चारपैकी तीन वेळा निवडून आला, तो इतर समाजांच्या मतांशिवाय निवडून येणे शक्य नव्हते. कॅम्पमधील ख्रिस्ती, दलित वस्त्या, कन्नड आणि मराठी बोलणारे हिंदू मतदार या सर्वांतून त्याला कमी-अधिक मते मिळालीच असणार. ही मते देणाऱ्याची कोठेही "गठ्ठा" म्हणून गणना होत नाही. तो उमेदवार पाहून, पक्ष पाहून, रस्ता-गटार-नळ पाहून मत देणारा समजूतदार नागरिक ठरतो. तेच मत, त्याच चिन्हासमोर, शेजारच्या गल्लीतून पडले की मात्र त्याला धर्माचे नाव मिळते. २०२३ मध्ये काँग्रेसने ज्या आश्वासनांवर निवडणूक लढवली, त्यांपैकी बेरोजगार पदवीधरांना दरमहा ३,००० रुपये देण्याच्या "युवा निधी" योजनेची घोषणा मार्च २०२३ मध्ये बेळगावातच झाली होती. पदवी हाती घेऊन बसलेल्या तरुणाला, तो कोणत्याही मोहल्ल्यातला असो, या घोषणेचा विचार करावासा वाटला असेल तर त्यात धर्माचा संबंध शोधण्याचे कारण नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्य सरकारने मुस्लिमांचे "२ ब" प्रवर्गातील ४ टक्के आरक्षण रद्द करण्याचा निर्णय घेतला होता आणि २०२२ मध्ये हिजाबचा वाद महाविद्यालयांच्या फाटकापर्यंत आला होता, हेही तितकेच खरे. पोटाचा प्रश्न आणि इज्जतीचा प्रश्न एकाच मतदाराच्या मनात एकाच वेळी असतात. कोणत्या प्रश्नाने बटण दाबले हे यंत्र सांगत नाही.

दक्षिणेचे गणित

"मराठी माणूस फुटला" हे विधान तपासण्यासाठी दक्षिणेकडे जावे लागते. २०१३ मध्ये समितीचे संभाजी पाटील यांनी ५४,४२६ मते घेऊन अभय पाटील यांचा पराभव केला. अभय पाटील यांना ४८,११६ मते मिळाली होती. २०१८ मध्ये समितीत दोन गट पडले, दोन्हींनी आपापले उमेदवार उभे केले आणि अभय पाटील ८४,४९८ मते घेऊन तब्बल ५८,६९२ मतांनी विजयी झाले. समिती संपली असे त्या वेळी अनेकांनी लिहिले. २०२३ मध्ये समितीने एकच उमेदवार दिला, रमाकांत कोंडुसकर. त्यांना ६४,७८६ मते मिळाली. अभय पाटील ७७,०९४ मते घेऊन निवडून आले.

२०१३ मध्ये समितीचा उमेदवार ज्या मतांनी जिंकला, त्याहून दहा हजारांवर अधिक मते घेऊन २०२३ चा उमेदवार हरला. उत्तरेत २०१८ मध्ये जे काँग्रेसच्या बाबतीत घडले, तेच दक्षिणेत समितीच्या बाबतीत घडले आहे. मतांचा आकडा वाढला आणि जागा गेली. तेव्हा २०२३ मध्ये मराठी मतदार "फुटला" असे म्हणण्याला आकड्यांचा आधार मिळत नाही. फूट २०१८ मध्ये पडली होती आणि ती नेत्यांत पडली होती. खानापुरातही त्या वर्षी समितीचेच दोन उमेदवार समोरासमोर होते आणि जागा काँग्रेसच्या अंजली निंबाळकर यांच्याकडे गेली. २०२३ चा पराभव वेगळ्या कारणाने झाला. दक्षिणेत काँग्रेसची मते आटत गेली आणि लढत बव्हंशी दुरंगी झाली. अशा लढतीत जिंकण्यासाठी लागणारा आकडाच वर सरकतो.

येथे एक गुंतागुंतही नोंदवली पाहिजे. कोंडुसकर हे श्रीराम सेना हिंदुस्थान या हिंदुत्ववादी संघटनेचे नेते म्हणून शहरात ओळखले जातात. म्हणजे "एका बाजूला भाषा, दुसऱ्या बाजूला धर्म" अशी जी सोपी मांडणी केली जाते, ती दक्षिणेत लागू पडत नाही. तेथे समितीचा उमेदवार आणि भाजपचा उमेदवार दोघेही मराठी भाषक आणि दोघेही हिंदुत्वाशी नाते सांगणारे होते. मतदारापुढे निवड होती ती मराठीपणाचे राजकारण स्वतंत्र ठेवायचे की राष्ट्रीय पक्षात विलीन करायचे, ही. भाजपनेही मराठी मतदाराला आपलेसे करण्याची संधी सोडलेली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये येडियुरप्पा सरकारने मराठा समाजासाठी विकास मंडळ स्थापण्याचा निर्णय घेतला तो याच धोरणाचा भाग होता. दक्षिणेतील मुस्लिम मतदाराची अवस्था यात सर्वांत अवघड होती. त्याच्यासमोरच्या दोन प्रबळ उमेदवारांपैकी एकही त्याच्याकडे मत मागण्याची निकड बाळगून नव्हता, आणि तिसऱ्याला दिलेले मत वाया जाणार हे दिसत होते. त्याने काय केले याविषयी शहरात पुष्कळ बोलले गेले. पुरावा कोणीही दिलेला नाही.

लोकसभेच्या वेळी हाच मतदार तिसऱ्याच पद्धतीने वागतो. २००४ पासून २०१९ पर्यंत भाजपचे सुरेश अंगडी सलग चार वेळा निवडून आले, २०१९ मध्ये तर ३,९१,३०४ मतांच्या फरकाने. त्या निवडणुकीत निषेध म्हणून समितीने मोठ्या संख्येने उमेदवार उभे केले आणि एकूण उमेदवारांची संख्या ५७ वर गेली, तरी निकालावर ओरखडाही उमटला नाही. अंगडी यांच्या निधनानंतर एप्रिल २०२१ मध्ये पोटनिवडणूक झाली. या वेळी समितीने शुभम शेळके हा एकच तरुण उमेदवार दिला आणि त्याला १,१७,१७४ मते पडली. भाजपच्या मंगला अंगडी यांना ४,४०,३२७, काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांना ४,३५,०८७. पावणेचार लाखांवरचे अंतर दोन वर्षांत ५,२४० वर आले. पांगलेली मते एका नावावर आणली की काय होते याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. २०२४ मध्ये भाजपचे जगदीश शेट्टर पुन्हा १,७८,४३७ मतांच्या आघाडीने विजयी झाले.

महापालिका : चिन्ह आले आणि गट गेले

या सर्वांत शहराच्या दैनंदिन जीवनाशी निगडित आणि तरीही सर्वांत कमी अभ्यासलेली निवडणूक म्हणजे महापालिकेची. २०२१ पूर्वी येथे पक्षचिन्हावर निवडणूक होत नसे. नगरसेवक अपक्ष म्हणून निवडून येत आणि सभागृहात भाषेनुसार गट बांधत. मराठी गट, कन्नड गट आणि उर्दू गट. "कन्नड-उर्दू आघाडी" हा शब्दप्रयोग बेळगावच्या वाचकाला नवा नाही. देशातील फारच थोड्या नगरपालिकांत उर्दू हे सभागृहातील एका राजकीय गटाचे नाव असेल. धर्माच्या नावाने नव्हे तर भाषेच्या नावाने मुस्लिम नगरसेवक एकत्र बसत होते, ही गोष्ट एरवी गौरवाने सांगितली गेली असती. ती कोणी सांगितली नाही.

महापालिकेचे सभागृह हे सीमाप्रश्नाचेही व्यासपीठ होते. २००५ मध्ये महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव संमत झाला आणि त्यावरून महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळुरात काळे फासण्यात आले. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या कार्यक्रमात महापौर व उपमहापौर सहभागी झाल्यावरून २०११ मध्ये राज्य सरकारने सभागृहच बरखास्त केले. त्यानंतर २०१३ मध्ये झालेल्या निवडणुकीत समितीने पुन्हा बहुमत मिळवले. या ओढाताणीत उर्दू गटाच्या वाट्याला मध्यस्थाची भूमिका येई. मराठी आणि कन्नड गटांचे बळ जवळपास आले की आठ-दहा उर्दू भाषक नगरसेवकांना किंमत येई. स्थायी समितीवरील जागा, प्रभागातील गटार, कब्रस्तानाचा रस्ता, उर्दू शाळेची खोली अशा मागण्या त्या वेळी ऐकून घेतल्या जात. ही घासाघीस आदर्श लोकशाही होती असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु अल्पसंख्य गटाला सभागृहात वजन मिळण्याचा तो एक मार्ग होता, हे मान्य करावे लागते.

२०१९ मध्ये मुदत संपल्यानंतर सभागृहाविना दीर्घ काळ गेला आणि ३ सप्टेंबर २०२१ रोजी ५८ प्रभागांसाठी मतदान झाले, प्रथमच पक्षचिन्हांवर. भाजप ३५, काँग्रेस १०, एमआयएम १ आणि उरलेल्या १२ जागा समिती व अपक्ष यांच्याकडे असा निकाल लागला. भाजपच्या विजयी उमेदवारांत मराठी भाषकांची संख्या मोठी होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये महापौर झालेल्या शोभा सोमनाचे आणि उपमहापौर झालेल्या रेश्मा पाटील या दोघीही मराठी भाषकच. म्हणजे शहराने मराठी नगरसेवक नाकारले नाहीत. मराठी गट मात्र नाहीसा झाला. त्याबरोबर कन्नड गट गेला आणि उर्दू गटही गेला. ५८ पैकी ३५ जागा एका पक्षाकडे असताना मध्यस्थाची कोणालाच गरज उरत नाही. काँग्रेसच्या दहांत उर्दू भाषक नगरसेवक आहेत, पण ते आता विरोधी बाकांवरील पक्षसदस्य आहेत, सभागृहातील तिसरे पारडे नाहीत. प्रभागातील मतदाराने तीच माणसे, बहुधा त्याच कारणांसाठी निवडली असतील. बदलला तो त्यांच्या मताचा भाव.

समिती कागदोपत्री अपक्ष असल्याचा मुद्दा येथे पुन्हा आठवावा. सर्वच अपक्ष होते तोपर्यंत समितीच्या नगरसेवकाला चिन्हाची उणीव भासत नव्हती. मतपत्रिकेवर कमळ आणि हात आल्यावर दर निवडणुकीत बदलणारे चिन्ह घेऊन घरोघरी जाणे तिला जड गेले. शहराची भाषिक अस्मिता एका रात्रीत विरघळली या निष्कर्षाला येण्यापूर्वी एवढे साधे कारण पाहायला हरकत नव्हती.

आकडे वाचण्याची रीत

बेळगावच्या तीन भाषांत "मत" या शब्दाचा प्रवास मोठा मजेशीर आहे. मराठीत मत म्हणजे विचार आणि मत म्हणजे निवडणुकीतील नोंदही. उर्दूत मताधिकाराला "हक़-ए-रायदही" म्हणतात, म्हणजे तेथेही राय, अभिप्राय हाच अर्थ. कन्नडमध्ये मात्र "मत" हा शब्द मतदानासाठी वापरतात आणि धर्म वा पंथ यासाठीही. शहरातील निवडणूकचर्चा ऐकताना असे वाटते की लोक मराठीत बोलताना आणि उर्दूत विचार करतानाही हा कन्नड अर्थच मनात धरून चालतात.

विनोद बाजूला ठेवला तरी प्रश्न गंभीर आहे. मतदार यादीत धर्माचा रकाना नसतो. मत गुप्त असते. राज्य पातळीवरील सर्वेक्षणांत एका शहरातील नमुना इतका लहान असतो की त्यावरून बेळगाव उत्तरविषयी काही बोलता येत नाही. मग "अमुक समाजाची नव्वद टक्के मते" हा आकडा येतो कोठून? तो मतदान केंद्रनिहाय निकालावरून येतो. हा निकाल "नमुना २०" या तक्त्यात प्रसिद्ध होतो आणि कोणालाही पाहता येतो. एखाद्या केंद्रात एका समाजाची वस्ती जास्त आणि एका उमेदवाराची मते जास्त, म्हणून त्या समाजाने त्या उमेदवाराला मते दिली असे अनुमान काढले जाते. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीविषयी असे अनुमान काढणे किती फसवे ठरते हे डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच संख्याशास्त्राच्या आधारे दाखवून दिले होते. एकाच वस्तीच्या केंद्रात हे अनुमान बरेचसे खरे ठरू शकते. मिश्र वस्तीत ते कोसळते, आणि बेळगाव उत्तर हा प्रामुख्याने मिश्र वस्तीचाच मतदारसंघ आहे. शिवाय ज्यांनी मतच दिले नाही ते या तक्त्यात दिसत नाहीत. २०२१ च्या महापालिका निवडणुकीत जवळपास निम्मे मतदार घरी राहिले होते. त्यांचा कल कोणी मोजला?

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प देताना हा तक्ता जरूर द्यावा. एकाच केंद्राचे २०१३, २०१८ आणि २०२३ चे आकडे शेजारी मांडायला सांगावे, केंद्राची हद्द मधल्या काळात बदलली का हे तपासायला सांगावे, आणि त्यानंतर त्या मोहल्ल्यातील चार घरी जाऊन चौकशी करायला सांगावे. आकड्यांनी जे सुचवले ते माणसांच्या बोलण्यात टिकते का, हे पाहिल्यावरच निष्कर्ष लिहू द्यावा. कन्नड येणारा एक आणि उर्दू येणारा एक अशी विद्यार्थ्यांची जोडी असल्यास उत्तम. एकाच भाषेत केलेली चौकशी या शहरात अर्धीच राहते. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानंतर कन्नड ही सर्व शाळांत पहिली किंवा दुसरी भाषा झाली आहे. त्यामुळे आताच्या उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला हे काम त्याच्या वडिलांच्या पिढीपेक्षा सोपे जावे.

या तक्त्याची दुसरी बाजू अभ्यासकाला सोयीची नसली तरी मतदाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. एका केंद्रात हजार-दीड हजार मतदार असतात. कागदी मतपत्रिकांच्या काळात निवडणूक नियमांतील ५९-अ या तरतुदीनुसार, जेथे आयोगाला आवश्यक वाटे तेथे निरनिराळ्या केंद्रांतील मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत असत. त्यामुळे कोणत्या गल्लीने कोणाला मते दिली हे कळत नसे. मतदान यंत्रे आली आणि प्रत्येक यंत्राची मोजणी स्वतंत्र होऊ लागली. व्यक्तीचे मत गुप्त राहिले, गल्लीचे राहिले नाही. निवडून आलेला नगरसेवक किंवा आमदार तक्ता समोर ठेवून "तुमच्या बूथमध्ये मला किती पडली?" असे विचारू शकतो. नळाची जोडणी, रस्त्याचे डांबर, दिव्याचा खांब यांचा क्रम त्या उत्तरावर ठरू शकतो. दाट वस्तीत, एकाच मोहल्ल्यात राहणाऱ्या अल्पसंख्य मतदाराला याची झळ सर्वांत जास्त बसते, कारण त्याचे केंद्र ओळखणे सर्वांत सोपे असते. उत्तरेतील उर्दू मोहल्ल्यांना हे लागू आहे, तसेच एखाद्या कन्नडबहुल प्रभागातील मराठी गल्लीलाही लागू आहे.

यावर उपाय सुचवला गेलेला आहे. चौदा केंद्रांतील यंत्रांची मते एकत्र मोजून एकच बेरीज दाखवणारे "टोटलायझर" नावाचे उपकरण वापरण्याचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केंद्र सरकारकडे पाठवला होता. विधि आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याला अनुकूल शिफारस केली. केंद्र सरकारने ती स्वीकारली नाही. पक्षांना केंद्रनिहाय आकडे उपयोगी पडतात, कोठे कमी पडलो हे त्यांना कळते, असा युक्तिवाद त्या वेळी झाला. मोजणी आजही केंद्रनिहायच होते, आणि प्रत्येक निवडणुकीनंतर काही आठवड्यांत नमुना २० प्रसिद्ध होतो.